विनोद, हसणारे आणि 'ह. घ्या.'

निरभ्र
सोमवार, रात्री ९:४०

गेल्या आठवड्यात कार्यालयात एक प्रसंग घडला आणि तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढतो आहे.

बैठक संपल्यावर आम्ही सात-आठ जण टेबलाभोवती रेंगाळलो होतो. आमच्यातले एक ज्येष्ठ सहकारी गप्पांचा फड रंगवण्यात वाकबगार आहेत. त्यांनी एका तोतऱ्या माणसाचा विनोद सांगायला घेतला. विनोद जुनाच होता आणि सगळा नकलेवर बेतलेला होता: प्रत्येक शब्दावर अडणारा एक माणूस, त्याच्यापुढे वैतागलेला दुसरा, आणि शेवटी भलत्याच अक्षरावर अडल्यामुळे झालेला अनर्थ. आमच्या विभागात तीन महिन्यांपूर्वी रुजू झालेले एक गृहस्थ त्याच टेबलाशी बसले होते, आणि ते बोलताना अडखळतात. सांगणाऱ्याला हे ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही, कारण दोघे रोज एकत्र काम करतात. सुरुवात करण्यापूर्वी त्यांनी एकदा मागे वळून दरवाजाकडे पाहिले, आमच्या वरिष्ठ बाई परत येत नाहीत ना याची खात्री करून घेतली आणि मग आवाज खाली आणला.

सगळे हसले. मीही हसलो. फार मोठ्याने नाही, पण हसलो.

आता अडचण अशी आहे की हेच ज्येष्ठ सहकारी गेल्या वर्षी एका सहकाऱ्याचे वडील रुग्णालयात असताना सलग दोन रात्री त्यांच्या उशाशी बसले होते. त्यांना दुष्ट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तेव्हा माझा प्रश्न असा आहे: एखाद्याच्या व्यंगावर, जातीवर, वंशावर किंवा लिंगावर केलेला विनोद सांगणाऱ्याबद्दल नेमके काय सांगतो? काही सांगतो, की तो निव्वळ विनोदच असतो?

तिरकस
सोमवार, रात्री १०:२५

काहीही सांगत नाही. निरभ्र, तुम्ही स्वतःच पुरावा दिला आहे. दोन रात्री जागणारा माणूस खरा की दोन मिनिटांचा विनोद खरा, याचे उत्तर द्यायला फार विचार करावा लागू नये.

विनोदात कोणीतरी पडतो, आपटतो, फसतो किंवा मूर्ख ठरतो, हे त्याच्या रचनेतच आहे. इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्सने सतराव्या शतकातच लिहून ठेवले आहे की दुसऱ्याचे वैगुण्य पाहून आपण त्याच्यापेक्षा वरचढ आहोत असे जे एकाएकी वाटून जाते, तेच हसण्याच्या मुळाशी असते. ते काढून टाकले तर उरतात शब्दांवरच्या कोट्या, आणि कोट्या ऐकवणाऱ्यांचा छळ सोसण्यापेक्षा माझा अपमान झालेला मला चालेल.

दुसरे असे की कोणता विनोद चालेल हे ठरवणारा एक जण नेमला, की तो कुठे थांबेल याचा भरवसा नसतो. नाझी जर्मनीत २० डिसेंबर १९३४ रोजी जो कायदा आला, त्याखाली राज्यकर्त्यांवर केलेल्या विनोदांसाठीही माणसे पकडली गेली. सोव्हिएत संघात दंडसंहितेच्या ५८व्या कलमातले सोव्हिएतविरोधी प्रचाराबद्दलचे दहावे पोटकलम विनोद सांगणाऱ्यांनाही लावले जात असे. हसण्यावर पहारा बसवणाऱ्यांची ही वंशावळ आहे. अशा दरबारात उभे राहण्यापेक्षा मी एखादा बेचव विनोद ऐकून घेईन. ह. घ्या.

आळशी मुंगी
सोमवार, रात्री १०:३१

तिरकसराव, हे 'ह. घ्या.', म्हणजे 'हलके घ्या', नेमके कोणी घ्यायचे असते? हलके करून देण्याची जबाबदारी देणाऱ्यावर कधीच का नसते?

शुद्धलेखन
मंगळवार, सकाळी ७:१०

मी या विषयातला जाणकार नाही. माझी खोड फक्त शब्दांची आहे. पण या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपल्या विभक्तिप्रत्ययांत दडलेले आहे असे मला वाटते.

आपण 'तिच्याशी थट्टा केली' असेही म्हणतो आणि 'तिची थट्टा केली' असेही म्हणतो. दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत, पण दोन्हींत घडलेली गोष्ट एक नाही. 'शी' लागला की समोरची व्यक्ती त्या खेळातली भिडू असते, तिला उलट टोला मारता येतो, आणि बहुधा ती तो मारतेही. 'ची' लागला की ती खेळातला चेंडू होते. 'मस्करी' या शब्दालाही दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. आता 'टवाळी', 'टिंगल', 'कुचेष्टा' आणि 'उपहास' हे शब्द घेऊन पाहा. 'मी त्याच्याशी टवाळी केली' असे कोणी म्हणत नाही, कानालाच खटकते. म्हणजे ज्या कृतीत दुसऱ्याला भिडू म्हणून जागाच नाही, तिच्यासाठी भाषेने वेगळे शब्द राखून ठेवले आणि त्यांना 'शी' लागू दिला नाही.

तेव्हा विषय कोणता होता यापेक्षा, निरभ्र यांच्या टेबलावर 'शी' होता की 'ची' होता, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्या गृहस्थांना उलट टोला मारण्याची सोय होती का?

अवांतर: मूळ लेखात 'तोतरा' लिहिले आहे ते वापरात आहे. काही जण 'बोबडा' हा शब्द त्याच अर्थाने योजतात, ते मात्र चूक आहे.

निरभ्र
मंगळवार, सकाळी ८:०२

शुद्धलेखन, सोय नव्हती. उलट बोलायचे तर तोंड उघडावे लागले असते, आणि त्यांनी तोंड उघडणे हाच तर त्या विनोदाचा विषय होता.

खिडकीतली
मंगळवार, दुपारी १:१५

शुद्धलेखन यांना अनुमोदन. तिरकस यांच्याशी मात्र मी असहमत आहे, आणि ते अनुभवावरून.

मी दहा वर्षे अशा विभागात काम केले आहे जिथे माझ्याखेरीज सगळे पुरुष होते. बायकांच्या वाहन चालवण्यावर, बायकांच्या बडबडीवर, नवऱ्याच्या खिशावर असलेल्या बायकोच्या नजरेवर रोज काही ना काही चालत असे. त्यांपैकी एकानेही माझ्याशी कधी उद्धट वर्तन केले नाही, उलट प्रत्येक विनोदानंतर 'ताई, तुम्ही अपवाद हं' हे ठरलेले असायचे. मीही हसत असे, कारण न हसणाऱ्या बाईसाठी एक वेगळा विनोद तयार असतोच. पण त्याच बैठकीत दहा मिनिटांनी मी एखादा हिशेब मांडला की तो दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घेतला जायचा. विनोदामुळे तपासला जायचा असे मी म्हणणार नाही. मात्र विनोदामुळे तो तसा तपासून घेणे खोलीतल्या कोणालाच वावगे वाटत नसे.

नंतर थॉमस फोर्ड या मानसशास्त्रज्ञाचे आणि त्याच्या सहकाऱ्यांचे २००८ साली प्रसिद्ध झालेले प्रयोग वाचनात आले आणि माझ्या मनातली गोष्ट कोणीतरी नीट मांडली आहे असे वाटले. त्यांनी पुरुषांच्या मनातला स्त्रियांविषयीचा आकस आधी मोजला, मग काहींना स्त्रियांची हेटाळणी करणारे विनोद वाचायला दिले, काहींना साधे विनोद दिले, तर काहींना तशीच हेटाळणी विनोदाविना, गंभीर विधानांच्या रूपात दिली. त्यानंतर स्त्रियांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला किती देणगी द्याल असे विचारले. ज्यांच्या मनात मुळात आकस होता, त्यांचा हात हेटाळणीचे विनोद वाचल्यावर आखडला. ज्यांच्या मनात तो नव्हता, त्यांच्यावर तसा परिणाम दिसला नाही. आणि गंभीर विधाने वाचूनही तसा परिणाम झाला नाही, हे मला सर्वांत बोलके वाटते. विनोदाने आकस निर्माण केला नाही. होता त्याला दार उघडून दिले.

तेव्हा सांगणाऱ्याच्या मनात काय होते हा प्रश्न मला दुय्यम वाटतो, कारण ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्या मनातले दार उघडले हे त्यालाही कळत नाही.

अर्धविराम
मंगळवार, सायंकाळी ६:४८

खिडकीतली ताई, तुमचा अनुभव मान्य आहे. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना कागद देऊन काढलेल्या निष्कर्षांवरून कार्यालयातल्या एका विशिष्ट माणसाचे मन वाचू नये, एवढीच सावधगिरी सुचवतो.

मला या विषयात ख्रिस्टी डेव्हिस या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाचे म्हणणे अधिक पटते. वांशिक विनोदांवरचा त्याचा ग्रंथ १९९० साली आला. त्याने देशोदेशीचे 'मूर्खांचे विनोद' गोळा केले आणि दाखवून दिले की विनोद बहुतांशी तेच असतात, फक्त नाव बदलते. इंग्रज ते आयरिश माणसावर घालतात, फ्रेंच बेल्जियनांवर, अमेरिकन पोलिश लोकांवर, कॅनडातले लोक न्यूफाउंडलंडच्या रहिवाशांवर आणि ब्राझीलमधले पोर्तुगीजांवर. म्हणजे हा सगळा 'रिकाम्या जागा भरा' असा प्रकार आहे. त्या रिकाम्या जागेत बहुधा कट्टर शत्रूचे नाव येत नाही, तर आपल्यासारखाच दिसणारा, थोडा कडेला राहणारा, आपल्याच भाषेची वेगळी बोली बोलणारा शेजारी येतो. डेव्हिसचा निष्कर्ष असा की विनोद हा तापमापक आहे, त्याने खोलीतले तापमान बदलत नाही. तापमापक फोडून ताप उतरत नाही.

त्यामुळे मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे: विनोद ज्याच्यावर आहे त्याच्याबद्दल तो जवळजवळ काहीच सांगत नाही. सांगणाऱ्याच्या मनाबद्दलही थोडेच सांगतो. तो सांगणारा कुठे राहतो आणि त्याचा कडेचा शेजारी कोण आहे, एवढा पत्ता मात्र त्यातून मिळतो.

खिडकीतली
मंगळवार, सायंकाळी ७:३०

तापमापकाची उपमा छान आहे, परंतु ज्याच्या तोंडात तो वर्षानुवर्षे कोंबलेला असतो त्याला बोलता येत नाही, याची नोंद डेव्हिसच्या आलेखात कुठे होते?

आळशी मुंगी
मंगळवार, सायंकाळी ७:३३

+१. आणि हा उलट टोला 'शी'चा होता, शुद्धलेखनकाकांनी नोंद घ्यावी.

वाटाड्या
मंगळवार, रात्री ११:५५

रात्रपाळीवर आहे, त्यामुळे मजकूर विस्कळीत वाटल्यास सांभाळून घ्यावे. मी अपघात विभागात परिचारक म्हणून काम करतो.

आमच्या मागच्या खोलीत जे विनोद होतात ते मी इथे लिहिले तर माझे खाते बंद होईल. मृत्यूवर, रक्तावर, तुटलेल्या अवयवांवर, आणि रुग्णांवरही. हे आम्ही दुष्ट आहोत म्हणून होत नाही. एकामागून एक तीन जण डोळ्यांदेखत गेल्यावर चौथ्याची शीर शोधताना हात स्थिर राहावा लागतो, आणि तो कशानेतरी स्थिर करावा लागतो. नाझी अंमलाखालच्या चेकोस्लोव्हाकियातल्या लोकांच्या अशाच काळ्या विनोदावर ओब्रदलिक नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९४२ साली लेख लिहिला आहे. दडपलेल्यांचा धीर टिकवणारी ती शक्ती होती असे तो म्हणतो. मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी नाझी छळछावणीत आपल्या एका सोबत्याशी करार केला होता की सुटकेनंतर घडू शकेल असा एक गमतीदार प्रसंग रोज रचायचा. तेव्हा 'आक्षेपार्ह विनोद नकोच' असे सरसकट म्हणणाऱ्यांनी आमच्या खोलीत एक रात्र काढावी.

पण एक गोष्ट कबूल करायला हवी. दोन वर्षांपूर्वी आम्ही असेच हसत होतो. एका वयस्कर रुग्णाला आणले होते, त्यांच्या वजनावरून आणि स्ट्रेचरच्या करकरण्यावरून माझ्या तोंडून काहीतरी गेले. दार लोटलेले नव्हते. बाहेर त्यांची मुलगी उभी होती, हातात वडिलांची चप्पल धरून. ती काही बोलली नाही. तिने ती चप्पल आमच्या दाराशी नीट जोडून ठेवली आणि निघून गेली. मी त्या रात्री काय बोललो ते शब्द मला आता आठवत नाहीत, चप्पल आठवते.

निरभ्र यांनी लिहिले आहे की त्या सहकाऱ्याने आधी दरवाजाकडे पाहिले. आम्हीही पाहतो. मात्र आम्ही पाहतो ते आपल्या बोलण्याने ज्याला लागेल असा कोणी आत येत नाही ना, म्हणून. तुमच्या सहकाऱ्याने पाहिले ते ज्याच्यामुळे आपल्याला त्रास होईल असे कोणी येत नाही ना, म्हणून. ज्याला लागणार होते तो आतच बसला होता, आणि त्याच्यासाठी दरवाजा बघण्याची त्यांना गरज वाटली नाही. मला विचाराल तर माणसाची ओळख विनोदापेक्षा त्या वळलेल्या मानेवरून पटते.

निरभ्र
बुधवार, सकाळी ७:४५

वाटाड्या, तुमचा प्रतिसाद रात्रीच वाचला. ती मान वळल्याचे मी मूळ लेखात सहज म्हणून लिहिले होते.

दुसरी बाजू
बुधवार, सकाळी १०:२०

सगळी चर्चा सांगणाऱ्याभोवती फिरते आहे. निरभ्र यांनी 'मीही हसलो' असे लिहिले आहे, त्याकडे मात्र सर्वांनीच सौजन्याने दुर्लक्ष केले आहे. मी ते करणार नाही, क्षमस्व.

फ्रॉइडने १९०५ साली विनोदावर लिहिताना म्हटले होते की हेतुपूर्वक केलेल्या विनोदाला तीन माणसे लागतात: सांगणारा, ज्याच्यावर विनोद आहे तो, आणि ऐकणारा. विनोद पुरा होतो तो तिसऱ्यापाशी. सांगणारा फक्त हुंडी लिहितो, ती वटवतो ऐकणारा.

आपल्याकडचा विचार तर याच्याही पुढे जातो. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या पात्रांचे, मधले दोन मध्यमांचे आणि शेवटचे दोन अधमांचे. ही यादी अनेकांनी वाचलेली असते, पण त्यातली मेख सहसा लक्षात येत नाही. मुनींनी उत्तम, मध्यम आणि अधम अशी ही वर्गवारी हसणाऱ्याची केली आहे. कोणता विनोद खालच्या दर्जाचा हे इथे मोजलेलेच नाही, कोण कसा हसतो हे मोजले आहे. अपहसिताच्या लक्षणांत तर 'अस्थानी हसणे' असा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे जिथे हसू नये तिथे हसणे.

निरभ्र, तुमचे हसणे मोठ्याने नव्हते हे तुम्ही आवर्जून लिहिले आहे. आवाजाचा मुद्दा भरतमुनींनीही विचारात घेतला आहे, पण जागेचा मुद्दा त्यांना त्याच्याइतकाच महत्त्वाचा वाटला.

तिरकस
बुधवार, सकाळी ११:०५

मुनींना मध्ये आणले म्हणजे युक्तिवाद संपला असे नव्हे. ती नाटकातल्या पात्रांची लक्षणे आहेत, कार्यालयातल्या आचारसंहितेची कलमे नव्हेत.

तरीही वाटाड्या यांचा प्रतिसाद वाचून मला एक पाऊल मागे घ्यावे लागते आहे, तेवढे घेतो. ज्या जर्मन आणि सोव्हिएत उदाहरणांवर मी भिस्त ठेवली, तिथे विनोद सांगणाऱ्याच्या मानेवर तलवार होती. तो दरवाजाकडे बघत होता कारण आत येणारा त्याला तुरुंगात टाकू शकत होता. निरभ्र यांच्या टेबलावर फार तर एखादी कानउघाडणी झाली असती. दोन्ही माना सारख्याच वळल्या म्हणून दोन्ही धाडसे सारखी ठरत नाहीत. हे मला आधी सुचायला हवे होते.

परंतु 'कोण ठरवणार' हा माझा प्रश्न अजून शाबूत आहे. बलवानावर केलेला विनोद चालेल, दुबळ्यावरचा चालणार नाही, असा एक सोपा नियम लोक सांगतात. बलवान कोण हे मात्र खोली बदलली की बदलते. कार्यालयात साहेब असलेला माणूस मुलाच्या शाळेच्या फाटकाशी आपले उच्चार लपवत उभा असतो. ॲरिस्टॉटललाही हा पेच पडला होता. त्याने विदूषकी करणारा आणि हसण्याचे वावडे असलेला रुक्ष माणूस अशी दोन टोके सांगून मधला माणूस चांगला ठरवला, आणि कायद्याने काही निंदा निषिद्ध असतात तशा काही थट्टाही निषिद्ध असायला हव्या होत्या अशी शंका व्यक्त केली. पण शेवटी सुसंस्कृत माणूस स्वतःच स्वतःचा कायदा असतो, असे म्हणून तो मोकळा झाला. अडीच हजार वर्षांत याहून नेमके कोणाला काही सांगता आलेले नाही, तर मग या धाग्यावर नियम कशाला शोधायचा?

आळशी मुंगी
बुधवार, सकाळी ११:१२

तिरकसरावांनी एक पाऊल मागे घेतले. ही तारीख कोणीतरी लिहून ठेवा.

जुना खोडरबर
बुधवार, दुपारी ४:३०

निरभ्र यांना एक व्यवहारी तोडगा सुचवतो. पुढच्या वेळी असा विनोद झाला की रागवायचे नाही, प्रवचन द्यायचे नाही. निरागस चेहरा करून 'मला कळला नाही, जरा समजावून सांगाल का?' असे विचारायचे. विनोद समजावून सांगावा लागला की मरतो. सांगणाऱ्याला स्वतःच्या तोंडाने म्हणावे लागते की 'अहो, तो तोतरा आहे ना, म्हणून हसायचे', आणि ते म्हणताना त्याची त्यालाच लाज वाटते. मी स्वतः कधी करून पाहिलेले नाही, पण बऱ्याच ठिकाणी वाचले आहे.

कोरा कागद
बुधवार, रात्री १०:०८

चार वर्षे या संकेतस्थळाचा मूक वाचक आहे. हा माझा पहिलाच प्रतिसाद.

मी तोतरा बोलतो. प्रौढांमध्ये साधारण १ टक्का लोक असे बोलतात, तेव्हा तुमच्यापैकी बहुतेकांनी आमच्यापैकी कोणाला तरी ऐकलेले असणार. विनोदाने मी दुखावला जातो का, असे मला विचारले तर प्रामाणिक उत्तर 'कधी कधी' असे आहे. पण माझी मुख्य तक्रार दुखावण्याची नाही. माझी तक्रार अशी आहे की हे विनोद फार निष्काळजीपणे केलेले असतात.

विनोदातला तोतरा प्रत्येक शब्दावर सारखाच अडतो. असे कोणी बोलत नाही. मी गाताना अडत नाही. चारचौघांबरोबर एका सुरात वाचताना अडत नाही. कुत्र्याशी बोलताना सहसा अडत नाही. मी हमखास अडतो ते स्वतःचे नाव सांगताना, कारण तो एकच शब्द असा आहे की ज्याला प्रतिशब्द नाही. बाकी शब्दांना मी वळसा घालतो. 'मंगळवार' अडणार असे दोन शब्द आधी जाणवते, मग 'सोमवारच्या दुसऱ्या दिवशी' म्हणतो. लोकांना वाटते की गृहस्थ मोठे मजेशीर बोलतात. माझी शब्दसंपत्ती चांगली आहे असे शाळेतले शिक्षक म्हणत, ती अशी जमवलेली आहे. आणि विनोदात 'प-प-प-प' अशी जी नक्कल करतात, ते माझ्या अडण्यातले सर्वांत सोपे अडणे आहे. खरे अडणे नि:शब्द असते. तोंड उघडे, छातीत हवा, शब्द समोर दिसतो आहे, आणि आवाज नाही. तीन सेकंद, चार सेकंद. याची नक्कल कोणी करत नाही, कारण त्यावर कोणी हसणार नाही.

अर्धविराम यांनी 'रिकाम्या जागा भरा' असे लिहिले आहे, ते मला फार पटले. माझ्या अनुभवात हे विनोद सांगणाऱ्यांबद्दल एवढेच सांगतात की त्यांनी आमच्याकडे कधी नीट पाहिलेले नाही. त्याला मी द्वेष म्हणणार नाही. द्वेष करणारा निदान लक्ष देऊन पाहतो. निरभ्र यांचे सहकारी तीन महिने रोज त्या गृहस्थांसोबत काम करत होते आणि तरीही त्यांनी ऐकीव, बाजारात तयार मिळणारा तोतरा सादर केला. शेजारच्या खुर्चीतला खरा माणूस त्यांना उपयोगी पडला नाही.

माझा एक मित्र आहे, तो माझ्यावर विनोद करतो. परवा मी दूरध्वनीवर माझ्या नावापाशी अडलो, तर तो शांतपणे म्हणाला, 'घाई नाही, तुझे नाव मला पाठ आहे.' मी हसून हसून फोन खाली ठेवला. हा विनोद दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही, आणि माझ्याखेरीज दुसऱ्या कोणावर घालताही येणार नाही.

खोडरबर, तुमच्या तोडग्याबद्दल मला शंका आहे, पण निरभ्र यांनी करून पाहावे आणि इथे कळवावे.

शुद्धलेखन
गुरुवार, सकाळी ६:५५

कोरा कागद, स्वागत. 'माझ्याशी विनोद करतो' असे तुम्ही लिहाल अशी माझी अपेक्षा होती, तुम्ही 'माझ्यावर' लिहिलेत. माझ्या प्रत्ययांच्या सिद्धांतात 'वर' बसवायचा राहून गेला होता. तो मी घाईने मांडला, हे मान्य करतो.

खिडकीतली
गुरुवार, सकाळी ९:४०

'द्वेष करणारा निदान लक्ष देऊन पाहतो' हे वाक्य वाचल्यापासून माझ्या त्या दहा वर्षांचा मी नव्याने हिशेब मांडते आहे. वाहन चालवणाऱ्या बाईचे जे विनोद रोज होत, ते करणाऱ्यांपैकी चौघांना मी माझ्या गाडीतून घरी सोडत असे. मागच्या आसनावर बसूनही ते तेच विनोद करीत आणि त्यांना त्यात काहीही विसंगत वाटत नसे. तेव्हा मला राग येत असे. आज वाटते की ते खरोखरच मी गाडी चालवते आहे हे पाहत नव्हते.

जुना खोडरबर
शुक्रवार, रात्री ८:१५

निरभ्र, काही घडले का?

निरभ्र
शनिवार, सकाळी ११:२०

घडले. काल पुन्हा तसेच टेबल जमले आणि त्याच विनोदाची फर्माईश झाली. मी खोडरबर यांच्या सल्ल्याप्रमाणे निरागस चेहरा केला आणि 'मला नीटसा कळला नाही, समजावून सांगाल का?' असे विचारले.

त्यांनी समजावून सांगितला. अगदी आनंदाने, हातवारे करून, दोनदा. दुसऱ्या वेळी माझ्या खांद्यावर हात ठेवून, लहान मुलाला सांगावे तसे सावकाश. त्यांना यत्किंचितही लाज वाटली नाही. सगळे पुन्हा हसले, आणि या खेपेला माझ्यावर हसले. काहीतरी बोलावे म्हणून मी तोंड उघडले, पण नेमका शब्द सापडेना.

आळशी मुंगी
शनिवार, सकाळी ११:२४

खोडरबरकाका, तुम्ही 'करून पाहिलेले नाही' हे आधीच लिहून ठेवले होते म्हणून वाचलात.

कोरा कागद
शनिवार, दुपारी १२:५०

किती सेकंद?

निरभ्र
शनिवार, दुपारी १:०५

तीन-चार असतील. फार लांब वाटली.

कोरा कागद
शनिवार, दुपारी १:०९

हो. तेवढीच असतात.

ते गृहस्थ टेबलावर होते का?

निरभ्र
शनिवार, दुपारी १:३०

होते. हसले नाहीत, बोललेही नाहीत. त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला आणि मी तो घेईपर्यंत माझ्याकडे पाहत राहिले.